चार जनावरांची कुट्टी

आमच्या बारामतीच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर, भांडी घासायच्या सिंकखाली एक जनावर बांधलेलं आहे. त्याला रोज तीन टायमाला चारा मी घालते. भाजीची देठं, बटाट्याची सालं, ताटातलं उरलंसुरलं. वरून नळ सोडायचा, भिंतीवरचं बटण दाबायचं, की ते आतल्या आत घरघर करून सगळं बारीक करतं आणि पाण्याबरोबर सोडून देतं. कंपनीनं त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलंय, ते माझ्या तोंडात बसत नाही. माझं माहेर कन्हेरीचं. दारात म्हशी, आणि म्हशींपुढं कडबाकुट्टीवर बारीक केलेला चारा. एका तोंडानं आख्खं जातं आणि दुसऱ्या तोंडानं बारीक होऊन निघतं, त्याला आम्ही कुट्टी म्हणतो. म्हणून ह्याचंही नाव मी कुट्टीच ठेवलं. नाव ठेवताना चार माणसांना विचारायला पाहिजे होतं, एवढं मला आता कळलंय.

हे मशीन माझ्या सुनेनं आणलं. तेजश्री तिचं नाव, इंदापूरला बँकेत आहे. मागच्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्याआधी ओल्या कचऱ्याची बादली घंटागाडीपर्यंत मीच न्यायची, तीही जिन्यानं, कारण लिफ्टमधून कचरा न्यायचा नाही असा आमच्या सोसायटीचा नियम आहे. कुत्रं नेलेलं चालतं. डॉक्टर म्हणाले, जिना बंद. मी म्हटलं, बघू. तेजश्री काहीच म्हणाली नाही आणि चार दिवसांनी हे मशीन घेऊन आली.

मला राग आला. घरातलं एक काम माझ्या हातात होतं, तेही काढून घेतलं. बसवणारा माणूस आला त्या दिवशी मी पाठ फिरवून तांदूळ निवडत बसले. तेजश्री मागून सांगत होती, "आई, इकडे बघा जरा. हे इथे खाली एक आहे ना, ते लक्षात ठेवा..." मी बघितलं नाही. मी तांदूळ निवडत होते. तांदूळ आदल्या दिवशीच निवडून झाले होते.

शिवाय खालच्या मजल्यावरची विमलताई बसलेली असताना सगळ्यांदेखत मी बोलले, "हे खेळणं सहा महिन्यांत मोडणार. आन् मोडणार ते हिच्याच हातनं."

आता खरं सांगते. आठ दिवसांत माझा त्या मशीनवर जीव जडला. बादली गेली, वास गेला, चिलटं गेली, गुडघा गप बसला. तेजश्री बँकेत गेली की मी एकेक साल घालून त्याचा आवाज ऐकायची. दुधीचा आवाज वेगळा, काकडीचा वेगळा. पण सुनेला "बरं केलंस बाई" हे काही मी म्हटलं नाही. आमच्यात असं म्हणत नाहीत. आमच्यात म्हणजे माझ्यात.

मे महिन्यात तेजश्री बँकेच्या ट्रेनिंगला नागपूरला गेली, रविवार ते रविवार. नात दिशा सुट्टीची आजोळी इंदापूरला. राहिलो मी आणि माझा मुलगा बुद्धघोष. हे नाव त्याच्या वडिलांनी ठेवलं, साहेबरावांनी. रेशनकार्डावर ते तीनदा तीन तऱ्हांनी आलं, तेव्हापासून मी त्याला घोषा म्हणते. तो लोणी देवकरच्या कंपनीत कामाला आहे. त्या आठवड्यात त्याची दुसरी पाळी होती. दुसऱ्या पाळीचा माणूस घरात असून नसल्यासारखा असतो. काहीही विचारलं की म्हणतो, "रविवारी बघू."

सोमवारी मी वर्षाची चिंच फोडली. चिंचोके निघाले पसाभर. आता कंपनीनं दिलेल्या कागदावर चित्रं होती, हाड घालू नका, करवंटी घालू नका, चमचा घालू नका. चिंचोक्याचं चित्र कुठंच नव्हतं. मी घातले.

आधी घर्र झालं. मग घूं झालं. मग टक् झालं. मग काहीच झालं नाही.

बटण दहा वेळा दाबलं. वरून गरम पाणी ओतलं. दोन शब्द प्रेमानं बोलून बघितलं, चार रागानं. सिंकमध्ये पाणी तुंबून राहिलं आणि त्यावर एक चिंचोका तरंगत माझ्याकडं बघत बसला.

मशीन मेलं त्याचं दुःख होतंच. पण रविवारी तेजश्री दारात उभी राहणार, मशीन बंद दिसणार, आणि ते कुणाच्या हातनं मोडणार हे मी आधीच जाहीर करून ठेवलेलं. ती एक शब्द बोलणार नाही हे मला माहीत होतं. तेच नको होतं. बोलणाऱ्या माणसाला मी उत्तर देऊ शकते. म्हणून ठरवलं, रविवारच्या आत अगदी तसंच नवं मशीन तिथं बसलेलं पाहिजे, आणि ह्या कानाचं त्या कानाला कळता कामा नये.

म्हणून मी फक्त विमलताईला सांगितलं.

विमलताई आमच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर राहते. जगात जेवढ्या वस्तू आहेत तेवढे तिला भाचे आहेत. "केसरताई, पाऊण हॉर्सपॉवरचं घ्या. अर्ध्याचं माझ्या भाच्याकडं होतं, जळलं."

"कुठला भाचा?"

"मिरजेचा. आणि सिंकच्या भोकाचं माप घेऊन चला. माझ्या दुसऱ्या भाच्यानं माप न घेता आणलं, आता त्यात कुंडी ठेवलीय."

माप घ्यायचं म्हणजे फूटपट्टी लागते. ती दिशाच्या दप्तराबरोबर इंदापूरला गेलेली. मी डोकं चालवलं. घरातल्या वाट्या एकेक करून भोकात बसवून बघितल्या. आमटीची स्टीलची वाटी अशी बरोबर बसली की काढताना सांडशी लागली. ती वाटी पिशवीत टाकली आणि आम्ही दोघी निघालो.

दुकान मोठं, थंडगार, काचेचं. टाय लावलेला माणूस पुढं आला. "आजी, कंटिन्युअस फीड पाहिजे की बॅच फीड?"

मी म्हटलं, "आमच्यात तीन टायमाला खात्यात."

"नाही, म्हणजे सिंकच्या ओपनिंगचा डायमीटर आणलाय का?"

"आणलाय," म्हणून मी पिशवीतनं वाटी काढून काउंटरवर ठेवली.

तो हसला. हसावं, माझी ना नाही, पण त्यानं पलीकडच्या दोघांना हाक मारली. "अरे इकडे या, आजींनी डायमीटर आणलाय!" आणि मला म्हणाला, "आजी, आमटी पुढच्या हॉटेलात मिळते."

मी दुसरी पास आहे. तिसरीच्या वर्गाचं दार मी बाहेरून बघितलंय. पण ज्या वाटीत मी तीस वर्षं माणसं जेवू घातली तिला हसलेलं मला खपत नाही. वाटी उचलली आणि म्हटलं, "तुझ्या दुकानातलं एक जरी मशीन ह्या वाटीएवढं चाललं तर सांगायला ये." आणि निघाले. तो मागून ओरडत होता, "अहो आजी, जुन्याचं खालचं ते तरी बघितलं का?" मी ऐकलं नाही. मान ताठ ठेवून चालायचं म्हणजे मागचं ऐकू येत नाही.

घरी येऊन सर्जेरावाला फोन लावला. सर्जेराव माझ्या मावसबहिणीचा मुलगा, कोऱ्हाळे बुद्रुकला मोटारी आणि पंप दुरुस्त करतो. हातात कला आहे. त्या दिवशी तो विहिरीच्या कडेला होता, मागं इंजिन धडधडत होतं.

"जय भीम, मावशी. बोल."

"सर्जेराव, आमची कुट्टी बिघडली रं. नवी आणून दे. रविवारच्या आत."

"कुट्टी? तुला?"

"मग काय गावाला?"

"बरं बरं. किती जनावरं हायती?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. भाचा आहे, चालतं. मी, घोषा, सून, नात. म्हटलं, "चार."

"दुभती किती, भाकड किती?"

"भाकड एकच, ती तुज्याशी बोलतीया."

तो खो खो हसला. "मग दोन एचपीची बास झाली. घरची लाईट हाय का शेतीची?"

"घरची. आन् हे बघ, गुपचूप आण. कुणाला सांगू नगंस."

"मावशी, कुट्टी गुपचूप कशी आणायची?"

"पिशवीत घालून आण की!"

इंजिनाच्या आवाजात त्याला ते ऐकू आलं नसावं.

बुधवारी दुपारी सोसायटीच्या गेटवर टेम्पो उभा राहिला. वॉचमननं खालून फोन केला, "केसरबाई, तुमची कडबाकुट्टी आलीय." मी गॅलरीतून खाली बघितलं. हिरवीगार, हत्तीच्या पिल्लाएवढी, एका बाजूला चाक, दुसऱ्या बाजूला तोंड, आणि वर बसून सर्जेराव हात हलवतोय. सगळ्या गॅलऱ्यांत माणसं. विमलताई खालून म्हणाली, "केसरताई, हे सिंकखाली मावणार नाही हो."

तेवढं मलाही दिसत होतं.

त्याच वेळेला मी खाली जाऊन म्हटलं असतं, "सर्जेराव, बोलण्यात घोळ झाला," तर गोष्ट तिथंच संपली असती. पण खाली केशवराव उभे होते. केशवराव आमच्या सोसायटीचे चेअरमन, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. तिथं पाणी सोडायलासुद्धा अर्ज लागायचा, ती सवय त्यांना राहिली आहे. ते म्हणाले, "केसरबाई, हे चुकून आलंय ना?"

आता "चुकून" हा शब्द असा आहे की तो मी दुसऱ्याबद्दल सहज वापरते.

"चुकून कसं? मीच मागवलीया."

"आवारात जनावरं पाळायला मनाई आहे."

"जनावर कुठं दिसतंय तुमाला?"

"मग कुट्टी कशासाठी?"

मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कंपाउंडच्या कोपऱ्यात नारळाच्या झावळ्यांचा ढीग पडला होता. दोन वर्षं पडला होता. दर मीटिंगला त्याच्यावर चर्चा होऊन तो जागच्या जागी वाढत होता. मी म्हटलं, "त्या झावळ्या बारीक करून खत करायचंय. तुमाला जमलं न्हाय, म्हटलं आपणच करावं."

केशवरावांच्या तोंडावर उजेड पडला. "अहो, उत्तम! पण अर्ज द्यावा लागेल."

छापील अर्ज आला. वर सोसायटीचं नाव, खाली विषय, कारण, सही. मी बसून लिहिला. विषय: कुटी. कारण: गरज. सही माझी मी करते, अंगठा कधी दिला नाही. केशवरावांनी चष्मा पुसून वाचला आणि म्हणाले, "कारण जरा सविस्तर पाहिजे होतं." मी म्हटलं, "गरजेपेक्षा सविस्तर काय असतं?" त्यांनी शिक्का मारला. गुरुवारी फळ्यावर नोटीस लागली: शुक्रवारी सकाळी दहा वाजता श्रीमती केसरबाई यांच्या हस्ते झावळी-कुट्टीचे प्रात्यक्षिक, सर्वांनी उपस्थित राहावे. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव फळ्यावर लागलं, तेही खोट्या कामाला.

सिंक वर तसंच तुंबलेलं. भांडी मी मोरीत घासत होते, गुडघा मोडून.

शुक्रवारी सगळी सोसायटी पार्किंगमध्ये. केशवराव पांढऱ्या शुभ्र कडक इस्त्रीत. सर्जेरावानं कॉमन बोर्डातून वायर ओढली. मी पहिली झावळी तोंडात धरली. कुट्टीनं ती माझ्या हातातून अशी ओढली की मला बरं वाटलं, किती वर्षांनी असा भुकेला आवाज ऐकला. तीन झावळ्या घास घेतल्यासारख्या गेल्या. फक्त बारीक झालेला माल कुठल्या बाजूनं निघतो हे मला आठवत होतं आणि केशवरावांना माहीत नव्हतं. मी हात केला, "केशवराव, सरका!" त्यांना वाटलं, मी नमस्कार केला. ते हात जोडून पुढं आले आणि उभेच्या उभे हिरवे झाले.

चौथी झावळी अडकली. कुट्टी कण्हली आणि सगळ्या बिल्डिंगची लाईट गेली.

मग भिंतीतून आवाज आला, "केसरताई! पाती उलटी बसलीत!"

विमलताई लिफ्टमध्ये होती. पहिला मजला आणि पार्किंग ह्यांच्या मध्ये.

"माझ्या अकलूजच्या भाच्याकडं अशीच होती! पाती काढून पुन्हा लावा! आणि मला नंतर काढा, आधी पाती बघा!"

अर्धा तास लागला. लिफ्टच्या माणसाला फोन, केशवरावांचा त्याला फोनवर तोंडी अर्ज, सर्जेराव फ्यूजपाशी. तेवढा वेळ विमलताई भिंतीआडून सल्ला देत होती. बाहेर आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न, "पाती बघितली का?" मला वाटलं होतं, ही आता माझ्याशी जन्मात बोलणार नाही. तिनं पदर खोचला आणि माझ्याबरोबर पार्किंग झाडायला लागली.

सगळे गेल्यावर मी कुट्टीला टेकून बसले. सर्जेराव शेजारी बसून केसांतून झावळी वेचत होता. म्हणाला, "मावशी, एक इचारू का? तुज्याकडं म्हशी कुठं हायत्या?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. चिंचोके, वाटी, टायवाला, चार जनावरं. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. डोकं खाजवून म्हणाला, "मंजी जनावरात मला मोजलं न्हाईस ना?" आणि मग म्हणाला, "दुकानदार आता ही परत घ्यायचा न्हाय, चालवून झाली. पर तुजं मशीन मी आणतो. वाटी दे."

"तू तरी वाटीला हसू नगंस."

"हसतोय कशाला? माप हाय ते."

शनिवारी पहाटे तो पुण्याला गेला आणि दुपारी खोकं आणि वाटी दोन्ही घेऊन आला. तिथल्या दुकानदारानं वाटी मशीनच्या तोंडाला लावून बघितली म्हणे आणि म्हणाला, असं सोपं माप कुणी आणत नाही. मी सर्जेरावाला ते दोनदा सांगायला लावलं.

मग बसवणं. सर्जेराव सिंकखाली उताणा. मी टॉर्च धरलेली. जुनं मशीन उतरवताना तो म्हणाला, "मावशी, हे जरा उघडून बघू का? मोटार जळल्याचा वास येईना."

"मेल्याची नाडी बघत बसू नगंस. उद्या ती यायचीया."

जुनं मशीन गोणपाटात बांधून मी माझ्या पलंगाखाली ढकललं. नवं मशीन वर उचलून धरायला एक माणूस, फिरवायला एक माणूस आणि नटाला एक माणूस लागतो. आम्ही दोघंच. मी ते डोक्यावर तोलून धरलं, लहानपणी घमेली वाहिलेली कामाला आली. तासाभरात बसलं. नळ सोडला, बटण दाबलं, घरघर सुरू! मी म्हटलं, "सर्जेराव, सोनं हाय तुज्या हातात." तेवढ्यात खालून विमलताईचा आवाज आला.

"केसरताई! माझ्या कुरडयांच्या चिकात पाऊस पडतोय!"

एक वायसर खोक्यातच राहिला होता. पाणी पाइपाच्या बाजूच्या भोकातून सरळ खाली, विमलताईच्या तीन दिवस भिजवलेल्या गव्हाच्या पातेल्यात. मी खाली धावले, म्हणजे गुडघा नेईल तशी. पातेलं बघितलं आणि मला रडूच आलं. त्या गव्हाचे कष्ट मला माहीत आहेत. विमलताई पातेल्याकडं बघून म्हणाली, "जाऊ दे. आधी वर वायसर लावून घ्या. उद्या तेजश्री येणार ना?"

मला अशी माणसं शेजारी मिळाली, आणि मी आजवर त्यांच्या भाच्यांना नावं ठेवत होते.

रविवारी अकराला तेजश्री आली. बॅग ठेवली, हातपाय धुतले, चहा केला आणि चहाची पत्ती सिंकमध्ये टाकून बटण दाबलं. मी तांदूळ घेऊन बसले होते.

तिनं कान दिला. "आई, आवाज बदललाय का हो?"

"उन्हाळा हाय."

दाराची बेल वाजली. केशवराव. वर्षात कधी वर न येणारा माणूस. "तेजश्री, आलीस का? छान. काही विशेष नाही, सांगायला आलो होतो की ह्या आठवड्यात सोसायटीत काहीही विशेष घडलं नाही." त्यांच्या कानामागं अजून एक हिरवा तुकडा होता. त्यांच्यामागून विमलताई. "लिफ्टबद्दल तर काहीच नाही हो. आणि कुट्टी सोसायटीची आहे, खताची. तुझ्या सासूबाईंचा संबंध नाही."

तेजश्री एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. विमलताईनं केशवरावांना सगळं सांगितलेलं दिसत होतं. दोघांनी माझ्यासाठी तोंड भरून खोटं सांगितलं होतं. केशवरावांनी तर बिनअर्जाचं. मी फक्त मान हलवायची, की सुटले. सर्जेरावानं कष्ट केलेले, विमलताईच्या कुरडया गेलेल्या, एवढ्या माणसांनी मिळून माझी मान ताठ ठेवली होती. आणि मला ती ताठ ठेवणं एकदम जड झालं.

मी तांदळाचं ताट बाजूला ठेवलं. आत गेले, पलंगाखालचं गोणपाट ओढत आणलं आणि तिच्यापुढं सोडलं.

"हे तुजं मशीन. मी मोडलं. चिंचोके घातले. तुज्या हातनं मोडंल म्हणले हुते, माज्या हातनं मोडलं. आता बोल काय बोलायचं ते."

ती बोलली नाही. मला माहीत होतंच. ती फरशीवर मांडी घालून बसली, मशीन उलटं केलं, हलवलं. सात चिंचोके घरंगळत माझ्या पायापाशी आले.

"आई," ती म्हणाली, "खालचं लाल बटण दाबलं होतं का?"

"कंचं लाल बटण?"

तिनं बोट दाखवलं. मशीनच्या बुडाशी, हरभऱ्याच्या दाण्याएवढं, लाल. "काही अडकलं की हे स्वतःच बंद होतं, जळू नये म्हणून. अडकलेलं काढायचं आणि हे दाबायचं. बसवलं त्या दिवशी मी सांगत होते तुम्हाला."

मला तो दिवस आठवला. टायवाला आठवला. सर्जेराव आठवला. तिघांकडं मी पाठ करून बसले होते.

"दाबा," ती म्हणाली.

"तू दाब."

"तुम्ही दाबा, आई."

मी दाबलं. टक्. तिनं पिन लावली, बटण सुरू केलं. फरशीवरच ते घरघरायला लागलं, तोच आवाज, दुधीचा आणि काकडीचा. आधी केशवराव हसले, मग विमलताई, मग तेजश्री हसता हसता भिंतीला टेकली, आणि मग मला काही राहवलं नाही. आतल्या खोलीत झोपलेला घोषा डोळे चोळत बाहेर आला आणि म्हणाला, "काय झालं? मी आज बघणारच होतो."

दुपारी सर्जेरावाला पुन्हा बोलावलं. तेजश्री म्हणत होती, नवं बसलंय ते राहू दे, ते जास्त ताकदीचं आहे. मी ऐकलं नाही. माझ्या गुडघ्यासाठी आणलेलं मशीन ते हे. सर्जेराव पुन्हा उताणा झाला, दोन्ही वायसर मी मोजून हातात दिले, जुनं मशीन आपल्या जागी बांधलं गेलं. नवं विमलताईच्या सिंकखाली बसलं. चिकाची भरपाई त्यानं होत नाही, पण तिनं मिरजेच्या भाच्याला फोन करून पाऊण हॉर्सपॉवर म्हणून तीनदा सांगितलं. आणि मोठी कुट्टी टेम्पोतून कन्हेरीला माझ्या बहिणीकडं, बानूबाईकडं गेली. ती अजून हातानं चाक फिरवत होती. तिच्या दारात मोजून चार जनावरं आहेत. तीन दुभती, एक भाकड. सर्जेराव म्हणाला, "मावशी, हिशेब तुजा बरोबर हुता, पत्ता चुकला."

रात्री तेजश्रीजवळ जाऊन दोन शब्द बोलायचे म्हणून दोनदा उठले. एकदा पाणी पिऊन आले, एकदा तिला म्हटलं, "दार लावलंय का?" पुढं काही निघालं नाही.

सोमवारी सकाळी लवकर मी खाली गेले आणि केशवरावांकडं एक छापील अर्ज मागितला. ते म्हणाले, "आता काय आणलंत?" मी म्हटलं, द्या तर. त्यांच्याच ओट्यावर बसून निळ्या पेनानं लिहिला.

विषय: अभार.

कारण: सून तेजश्री. मशीन चांगलं आनलं. माझ्या गुडघ्यासाटी आनलं. चिंचोके मी घातले. केशवराव विमलताई सर्जेराव यांचे पण.

सही.

केशवरावांनी चष्मा दोनदा पुसला. "ह्यावेळी कारण सविस्तर आहे," म्हणाले, आणि शिक्का मारून स्वतःच्या हातानं फळ्यावर लावला. मी लिफ्टनं वर आले आणि गॅलरीत जाऊन कपडे वाळत घालायला लागले. कपडे वाळलेलेच होते.

आठला तेजश्री बँकेला निघाली. खाली गेल्याचा आवाज आला. गेटचा आवाज काही येईना. एवढा वेळ? इंदापूरची गाडी चुकणार हिची. मग लिफ्ट वर आल्याचा आवाज, आणि बेल.

दारात उभी. डोळे पुसल्यासारखे, पण मी काही तिकडं बघितलं नाही.

"आई, 'आभार'मधला काना राहिलाय."

"मग लाव की. बँकेत हायस, पेन असंल तुज्याकडं."

ती खाली गेली. गाडी चुकलीच, घोषानं तिला मोटरसायकलवर सोडलं.

तो अर्ज अजून फळ्यावर आहे. नियमानं आठ दिवसांत काढायचा असतो, केशवराव काढत नाहीत. येताजाता मी वाचते. सगळी अक्षरं निळी आहेत, माझी, थोडी वाकडी. एक काना तेवढा काळा आहे. सरळ, उभा, नीट.